तेर्रेनुस, म्हणजे मातीचा

मित्रांनो, घड्याळाची, छत्रीची, फाटक्या पुस्तकाची कहाणी तुम्ही ऐकली असेल. मला काटे नाहीत, काड्या नाहीत, पानंही नाहीत. मी एक जुना शब्द आहे. कुणी मला तोंडात घेतलं की मी जागा होतो, नाहीतर पडून असतो. म्हणून आज तुम्ही ऐकायला बसलात याचं मला फार अप्रूप आहे.

माझं पाळण्यातलं नाव तेर्रेनुस. इटलीत जिथे लॅटिन भाषा बोलत, तिथे माझा जन्म झाला. माझी आई 'तेर्रा', म्हणजे माती, भूमी. आणि मी तेर्रेनुस, म्हणजे मातीचा, मातीपासून झालेला, या पृथ्वीवरचा. सैनिकांनी मातीचा बांध घातला की मला हाक मारत. शेतकरी जमिनीचा पोत पाहताना माझं नाव घेत. हाताला चिखल लागलेली माणसं माझे पहिले सोबती. ते दिवस सुखाचे होते.

पुढे धर्मोपदेशक आले. त्यांनी मला 'स्वर्गीय' नावाच्या शब्दाच्या शेजारी उभं केलं. त्याचं कौतुक व्हायचं आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. ऐहिक मोह, ऐहिक सुख, ऐहिक हाव, जे जे टाकून द्यायचं ते ते माझ्या पदरात. मी मात्र मनाला लावून घेतलं नाही. वर आभाळाकडे बघणाऱ्यालासुद्धा पाय टेकायला जागा लागतेच ना?

मग रोमचं राज्य मोडलं, पण माणसांनी बोलणं काही थांबवलं नाही. ती जिथे जिथे होती तिथे तिथे मी राहिलो. इटलीच्या लोकांनी मला फारसा बदलला नाही, तेर्रेनो म्हणाले. स्पेनच्या लोकांनीही तसंच म्हटलं, फक्त 'र' असा घोळवला की माझंच अंग शहारलं. पोर्तुगालात माझा शेवट हळू झाला, तेर्रेनु. फ्रान्समध्ये तर शेवटचा स्वर गिळूनच टाकला आणि मला नाकातून म्हणू लागले, तेरँ. रोमानियाला मी बराच उशिरा पोचलो, तोही फ्रेंचांचं बोट धरून. तिथे मी तेरेन झालो. इंग्रजांनीही मला फ्रेंचांकडूनच उचललं. एकाच आईच्या मुलाने गावोगाव वेगवेगळी टोपी घालावी, तसं माझं झालं. मी कुठेही हरवलो नाही, मित्रांनो. लॅटिन बोलणारी घरं बंद झाली, पण त्यांच्या लेकींच्या घरी मी आजही रोज जेवायला असतो.

मग मी जहाजात बसलो आणि समुद्रापलीकडे कॅनडात उतरलो. मॉन्ट्रियल शहरात माझा थाट काय सांगू! विकाऊ जागेच्या पाटीवर मी, फुटबॉलच्या मैदानाच्या फाटकावर मी, शाळेच्या क्रीडांगणावरही मीच. पण एक सल होता. फ्रेंचांच्या घरी माझा पहिला अर्थ कधीच सुटून गेला होता. मी नुसता प्लॉट आणि मैदान उरलो होतो. इटालियन आणि पोर्तुगीज म्हाताऱ्यांच्या प्रार्थनांत 'ऐहिक' म्हणून मी होतो, पण 'हाताने मळलेला, मातीचा' अशा अर्थाने मला कुणी हाक मारली, त्याला युगं लोटली होती.

आणि मग एका उन्हाळ्यात अरुणाताई आल्या.

अरुणाताई नागपूरच्या. पती दीनानाथ गेल्यावर मुलाने, उन्मेषने, त्यांना मॉन्ट्रियलला आपल्याकडे आणलं. उन्मेष तान्हा असताना तापाने अगदी हातचा जाऊ लागला होता, तेव्हा त्यांनी पार्थिव पूजेचं व्रत धरलं. श्रावणात रोज ओल्या मातीचं शिवलिंग घडवायचं, त्याची पूजा करायची आणि संध्याकाळी पाण्यात सोडून द्यायचं. पूजा होईपर्यंत पाण्यावाचून काही घ्यायचं नाही. मूल वाचलं. तेव्हापासून एकाही श्रावणात खंड नाही.

श्रावण तोंडावर आलेला, म्हणून निघताना त्यांनी रामटेकजवळच्या शेतातली वारुळाची माती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून बॅगेत ठेवली. आपल्याकडची बायकामाणसं लोणचं, मेतकूट, भाजणी आणतात. यांनी माती आणली. विमानतळावर तरुण अधिकाऱ्याने गाठोडं सोडलं, वास घेतला आणि अदबीने मान हलवली. "मादाम, पा द तेर. नो सॉइल." बाहेरची माती या देशात आणायला बंदी आहे. ताईंनी हात जोडले, पण त्याचाही इलाज नव्हता. गाठोडं पिवळ्या पिंपात गेलं. त्या माणसाच्या तोंडी 'तेर' हे माझ्या आईचं फ्रेंच नाव आलं, आणि मी तिथेच कान टवकारून बसलो.

उन्मेष राहतो तो साँ-लेओनार भाग इटालियन लोकांनी वसवलेला. जोडघरं, खाली मालक आणि वर भाडेकरू. खाली मालकीण एल्वीराबाई राहतात. वर उन्मेष, त्याची बायको चैत्राली आणि मुलगी जाई. मागे अंगण, आणि त्या अंगणावर राज्य फक्त एल्वीराबाईंचं. टोमॅटो, तुळशीच्या जातीतला इटालियन बेझिल, आणि कुंपणापाशी एक अंजिराचं झाड. इथल्या हिवाळ्यात अंजीर तग धरत नाही, म्हणून बाई थंडीआधी खंदक खणतात, झाड वाकवून मातीखाली निजवतात आणि वसंतात पुन्हा उभं करतात. अशी जिद्दीची बाई!

श्रावणाचा पहिला दिवस उजाडला, तोही सोमवार. उन्मेषने दुकानातून मातीची मोठी पिशवी आणून ठेवली होती. "ऑरगॅनिक आहे गं आई, एकदम बेस्ट."

ताईंनी परातीत ओतली. काळी, हलकी, आणि तिच्यात थर्माकोलसारखे पांढरे दाणे. पाणी घालून मळली तर हाताला चिकटेना. लिंग उभं केलं की बुडातून ढासळे.

"बाप्पा! ही माती आहे की चहाचा चोथा?" ताई म्हणाल्या.

"आजी, माझी प्ले-क्ले घे ना! इट नेव्हर ब्रेक्स," जाई म्हणाली.

"म्हणून तर नको, राणी. मोडत नाही तो देव संध्याकाळी सोडायचा कसा?"

चैत्राली काळजीने म्हणाली, "आई, तुमच्या शुगरच्या गोळ्या आहेत. उपाशीपोटी कसं चालेल?"

"देव समजून घेईल ना, आई," उन्मेष म्हणाला.

"देव समजून घेईल रे. मी घेणार नाही."

आवाज एवढासुद्धा चढला नाही. फार हळू बोलणारी बाई, पण शब्द असा ठेवला की उन्मेषने ती पिशवी उचलून बाजूला नेली.

मग ताईंनी एक चूक केली. गावाकडे वारुळाची माती घेताना भूमातेला हात जोडायचे, 'दे' म्हणायचं आणि मूठभर घ्यायची, एवढीच रीत. वारूळ मुंग्यांचं, त्याला मालक कोण? तशाच त्या जिना उतरल्या, टोमॅटोच्या वाफ्याला हात जोडले, आणि बुडाशी बोटं घातली.

"ए, सिन्योरा! क्वेस्ता ए रोबा मीआ!" ही माझी वस्तू आहे! खिडकीतून एल्वीराबाई कडाडल्या आणि हातातल्या पळीसकट बाहेर आल्या. ताईंना शब्द कळले नाहीत, पळी कळली. त्यांनी माती होती तिथे परत ठेवली, वरून थोपटली, पुन्हा हात जोडले आणि मुकाट्याने वर आल्या.

"आई, मालकीण आहे ती! तिच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल?" उन्मेष कपाळाला हात लावून म्हणाला आणि कामाला गेला. ताई पाटावर बसून राहिल्या. समोर ताम्हन, बेल म्हणून आणलेली कुठलीशी तीन पानं, दिवा. देव तेवढा नव्हता.

दुपार कलली तशी मेव्हिस आली. मूळ वसईची, इथे नर्स होती, आता निवृत्त. चैत्रालीशी तिची बसमध्ये ओळख झाली आणि चैत्रालीनेच तिला फोन केला होता. मराठी, इंग्रजी, फ्रेंच तिन्ही बोलते, आणि एल्वीराबाईंच्याच चर्चला जाते.

"काय गो अरुणाताई, मला तर सकाळीच बातमी लागली! चर्चमधल्या मिसनंतर एल्वीरा सगळ्यांना सांगत होती, वरची म्हातारी माझे टोमॅटो खणते."

"म्हातारी म्हणाली? माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल ती."

"ते मी तिला नाही सांगितलं. चल, ऊठ. चक्कर येण्याआधी जाऊन येऊ."

दोघी खाली उतरल्या. एल्वीराबाई अंजिराला पाणी घालत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

ताई म्हणाल्या, "मेव्हिस, आधी माफी माग. सांग, आमच्याकडे माती मुंग्या करतात म्हणून मी फक्त भूमीला विचारलं. इथली माती बाईंनी केलीय, त्यांना विचारायला हवं होतं."

मेव्हिसने फ्रेंचमध्ये सांगितलं, आणि महिनाभर रोज मूठभर माती हवी आहे हेही सांगितलं. एल्वीराबाईंचं पाणी थांबलं. माती केली, हे आजवर त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्या भडाभडा बोलू लागल्या, अर्धं फ्रेंच, अर्धं इटालियन. नवरा होता तेव्हापासून कॉफीचा चोथा, अंड्यांची टरफलं, मेंढीचं खत घालत आल्यात. पहिल्यांदा इथे आलो तेव्हा या जागेत गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. आणि त्यातली रोज मूठ, महिनाभर? म्हणजे एक वाफा गेला की! नाही. जमायचं नाही.

मेव्हिसने हे सांगताना आवाज खाली आणला. ताईंनी ऐकून घेतलं आणि वाफ्याकडे बोट केलं.

"तिला सांग, ही भुसभुशीत मला चालणारच नाही. सकाळीच कळलं, बोटांतून गळते. मला चिकट हवी. खालची, कुणालाच नको असलेली."

मेव्हिसने सांगताच एल्वीराबाईंनी कुंपणाकडे पाहिलं. तिथे राखाडी ढेकळांचा ढीग होता. अंजिरासाठी खंदक खणताना खालून निघते ती चिकणमाती. बाई दरवर्षी शिव्या घालत ती बाजूला टाकतात.

"क्वेल्ला?" ती? त्या हसायलाच लागल्या. "तेर्रेनो आर्जिल्लोझो! शाप आहे शाप!"

चिकणमातीची जमीन! मी दचकून जागा झालो. तेवढ्यात डावीकडच्या कुंपणावरून पोर्तुगीज शेजारीण लुर्देसबाईंनी डोकं वर काढलं. त्या मघापासून ऐकत होत्याच. "आय, तेर्रेनु आर्जिलोझु! माझी गाजरं वाकडी होतात त्यानं!" उजवीकडे गवत कापणारे जिल्बेरकाका क्यूबेकचेच. त्यांनी यंत्र बंद केलं. "तेरँ आर्झिलो, मादाम! माझ्या तळघराच्या भिंतीला तडा गेलाय त्यापायी!"

मित्रांनो, तीन कुंपणं, तीन भाषा, आणि एकच गाऱ्हाणं. तिघांनी मला आपापल्या टोपीत हाक मारली आणि तिघांना एकमेकांचं बोलणं कुणी न सांगता कळलं. कधीकाळी रोमच्या तिबेर नदीकाठी वेगळं झालेलं घराणं साँ-लेओनारच्या मागच्या अंगणात पुन्हा एकत्र भांडत होतं. मला इतका आनंद झाला की मी फक्त ओरडायचाच बाकी होतो, पण शब्दाला स्वतःचं तोंड नसतं.

एल्वीराबाईंनी फावडं घेतलं, ढिगाच्या बुडात खुपसलं आणि एक ओली वडी कापून काढली. खरवसाच्या वडीसारखी ती चकचकीत निघाली. ताईंनी दोन्ही हात पुढे केले.

एल्वीराबाईंनी त्यांना बसायला खुणावलं. अंगणातलं लाकडी टेबल बाईंनी पदराने पुसलं. पदर म्हणजे एप्रन. ताईंनी नळावर हातपाय धुतले, डोळे मिटून पुटपुटल्या आणि मळायला लागल्या. आता माती ऐकत होती. अंगठ्याने दाबली, तळहातावर फिरवली, आणि बघता बघता लहानसं लिंग उभं राहिलं. खाली शाळुंका, तिला पाणी वाहून जायला नीट पन्हळ.

एल्वीराबाईंचा चेहरा एकाएकी आवळला. हात गळ्यातल्या क्रुसाकडे गेला. "मूर्ती आहे? माझ्या घरात?" त्या मेव्हिसला म्हणाल्या.

इथे सगळं अडलं. जिल्बेरकाका बुटांकडे पाहू लागले. मेव्हिस स्वतः क्रूस घातलेली बाई, तिच्यावर दोन्हीकडच्या नजरा.

"ताई, काय सांगू गो हिला?"

अरुणाताईंनी लिंग तळहातावर घेतलं. "सांग, हा संध्याकाळी पुन्हा माती होतो. रोज करायचा आणि रोज सोडायचा. मीही तशीच आहे. तीही तशीच आहे. एवढं रोज आठवावं म्हणून हे व्रत."

मेव्हिसने ते फ्रेंचमध्ये सांगितलं आणि पुढे स्वतःचं बोलणं जोडलं. "एल्वीरा, उपासकाळाच्या पहिल्या बुधवारी फादर आपल्या कपाळाला राख लावतात, तेव्हा काय म्हणतात? तू माती आहेस, मातीला मिळशील. ही बाई तेच करते, फक्त रोज करते."

एल्वीराबाई जवळ आल्या. चष्मा वर सारून त्यांनी त्या ओल्या आकाराकडे निरखून पाहिलं. नवऱ्याला ठेवलं त्या दफनभूमीत म्हटलेली कुठली प्रार्थना त्यांना आठवली असेल, देव जाणे. त्या अगदी हळू म्हणाल्या, "कोर्पो तेर्रेनो."

"मातीचं शरीर म्हणते ती," मेव्हिस म्हणाली.

ताईंचा चेहरा उजळला. "हो! आम्हीसुद्धा याला पार्थिव म्हणतो. पृथ्वीचा, मातीचा. हेच याचं नाव."

मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? इतकी युगं मी मैदान होतो, प्लॉट होतो, मोह होतो. आणि या अंगणात, एका ओल्या मुठीकडे बघत, एका बाईने मला माझ्या पहिल्या अर्थाने हाक मारली. तेर्रेनुस, मातीचा! आणि समोरून दुसऱ्या दूरच्या भाषेतला शब्द उत्तर देत होता, माझ्यासारखाच, पृथ्वीमातेच्या नावावरून नाव मिळालेला. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नव्हतो, पण पाहताक्षणी ओळखलं.

"घेऊन जा वर. पूजा कर आणि मग लगेच जेव. रंग बघ तुझा," एल्वीराबाई फर्मान सोडल्यासारख्या म्हणाल्या. मेव्हिसने मराठीत सांगेपर्यंत ताई जिना चढायलाही लागल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी जिन्याच्या पायरीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली चिकणमातीची वडी होती. तिसऱ्या सकाळीही होती. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी ताई बादलीत विसर्जन करत आणि ते गढूळ पाणी कुठे ओतू म्हणून खुणेने विचारत. एल्वीराबाई अंजीर दाखवत आणि कुरकुरत, "जी मी खणून बाहेर फेकते तीच तू पातळ करून मला परत देतेस!" पण झारी त्यांनीच धरलेली असे. ताई आता सरावल्या होत्या. "जाई, मी तेरँवर जाते गं," म्हणत आणि चपला शोधत.

"आजी, यू स्पीक फ्रेंच नाऊ!"

"तुझ्या बाबांपेक्षा बरं बोलते."

श्रावण अमावास्येला व्रत पार पडलं. एक दिवसही चुकला नाही. ताईंनी साखरभात केला आणि वाटी खाली पाठवली. पण दुसऱ्या सकाळी पायरीवर पुन्हा फडकं होतं, आणि त्यात रोजच्यापेक्षा मोठी वडी.

"आई, व्रत संपलं ते त्यांना सांगायचं राहिलं वाटतं," चैत्राली म्हणाली.

ताईंनी वडी उचलून छातीशी धरली. "नाही सांगायचं. गणेश चतुर्थी आलीच की."

त्या वडीचा गणपती झाला. वीतभर उंचीचा, पोट जरा जास्तच सुटलेला. वर खोलीत मखर तयार होतं, पण एल्वीराबाईंनी जिन्यातच वाट अडवली. मेव्हिसमार्फत निरोप दिला, "वर नाही. खाली, माझ्या तेर्रेनोवर." त्यांनी लाकडी टेबलावर लग्नातला लेसचा रुमाल घातला होता. चतुर्थीला लुर्देसबाई लाल कार्नेशनचा गुच्छ घेऊन आल्या. लाल फूलच गणपतीला लागतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जिल्बेरकाकांनी शेजारच्या गल्लीत जाऊन एका गवत कापणाऱ्याला आरती होईपर्यंत थांबायला लावलं. एल्वीराबाईंनी हंगामातली पहिली अंजिरं नैवेद्याला ठेवली. आणि मालकिणीशी वाकडं नको म्हणणारा उन्मेष! त्याच्या टाळ्यांचा आवाज पुढच्या रस्त्यापर्यंत गेला.

दीड दिवसाने विसर्जन. टोमॅटोचा रस काढतात तो बाईंचा मोठा टब पाण्याने भरला होता. ताईंनी मूर्ती हळूच सोडली. आधी सोंड गेली, मग कान, मग ते सुटलेलं पोट. एल्वीराबाईंनी बाह्या सरसावून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि तळाची मऊ माती ओंजळीत वर आणली. "तेर्रेनो," त्या म्हणाल्या. लुर्देसबाईंनी तेर्रेनु म्हटलं, जिल्बेरकाकांनी तेरँ म्हटलं, ताईंनी पार्थिव म्हटलं, आणि जाईने सगळ्यांच्या वरताण, हसत हसत, सगळंच म्हणून टाकलं.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ राज्यांच्या पाट्यांवर मिरवलो, मित्रांनो, पण त्या टबाभोवतीचा माझा विजय सर्वांत मोठा. म्हणून तुम्हाला हात जोडून एवढंच मागतो. तुमच्या घरात एखादी आजी, एखादा शेजारी जुना शब्द बोलला तर हसून सोडून देऊ नका. तो कशाचा आहे ते विचारा, आणि जमलं तर दुसऱ्याच्या अंगणात नेऊन बोला. आम्ही शब्द मातीचेच. आम्हाला बंद कपाट नको, तुमच्या तोंडचा ओलावा हवा.